सुबारूचा सेंटर डिफरन्शिअल घरी बदलताय? या चुका टाळा

अर्धा तास हायवेवर गाडी पळवून दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरलात, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी अडखळायला लागली. कोणीतरी हँडब्रेक अर्धवट ओढून ठेवल्यासारखी. टायर चिरचिरतात, आणि स्टिअरिंग सरळ केलं की गाडी सुटल्यासारखी पुढे सरकते. जुन्या मॅन्युअल सुबारूंचं हे ओळखीचं दुखणं: पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा सेंटर डिफरन्शिअल जाम होतो. इथे कोलोरॅडोत बर्फासाठी सुबारू घेतलेली मराठी घरं काही कमी नाहीत. गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला की प्रत्येकाला आपल्या घरची हत्यारांची पेटी आठवते. (सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका नक्षत्र. गाडीवरच्या चांदण्याही सहाच, आपल्या कार्तिकेयाच्या आयांइतक्या.) भारतात सुबारूचीच फॉरेस्टर काही वर्षं शेवरोले फॉरेस्टर नावाने विकली जायची, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या जुन्या मालकालाही हे उपयोगी पडेल.

काम घरी होतं, मी केलंय. पण त्यात मी ज्या चुका केल्या आणि दुसऱ्यांच्या गाडीखाली ज्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक पाना हातात घेण्याआधीच्या होत्या.

गाडीत नसलेला पार्ट मागवणे

हसू नका, हे होतं. सेंटर डिफरन्शिअल आणि त्याला जोडलेलं व्हिस्कस युनिट ही मॅन्युअल गिअरबॉक्सची भानगड आहे. सुबारूच्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये मागच्या चाकांकडे ताकद नेण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लच प्लेटा करतात, तिथे बदलायला सेंटर डिफरन्शिअलच नसतो. वळताना अडखळण्याचं लक्षण मात्र हुबेहूब तेच. जुन्या चार गिअरच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (फ्रंट व्हील ड्राइव्ह, फक्त पुढची चाकं) लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. तिथे फ्यूज बसवला की मागची चाकं सुटतात. तेवढ्याने अडखळणं थांबलं तर दोष त्या क्लचकडे किंवा त्याच्या सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेकडे. तसंच राहिलं तर क्लच जाम झालेला असू शकतो. दोन्ही बाबतींत हा लेख तुमच्यासाठी नाही.

गाडी गिअरमध्ये ठेवून तपासणे

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. हा फरक पचवायचं काम सेंटर डिफरन्शिअलचं. पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये तो ताकद पुढे-मागे निम्मी-निम्मी वाटतो. त्याला जोडलेल्या व्हिस्कस युनिटच्या बंद डब्यात सिलिकॉनच्या दाट तेलात बुडालेल्या पातळ चकत्या असतात. पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की तेल त्या चकत्यांना धरू पाहतं, म्हणून बर्फात पुढची किंवा मागची चाकं घसरली तरी गाडी निघते. हे तेल तापून तापून बिघडलं की चकत्या एकमेकींना सोडतच नाहीत.

घरच्या घरी खात्री करता येते. आधी गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करा, कारण थंड असताना हा रोग पुष्कळदा लपून बसतो. सपाट जागी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मागचं एकच चाक जॅकने उचला, खाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रलला आणा आणि हँडब्रेक सोडा. आता ते चाक हाताने फिरवा. एकसारखा जोर लावल्यावर मधातून चमचा फिरवल्यासारखं सावकाश फिरलं तर युनिट जिवंत आहे. अंगाचा भार टाकूनही हललं नाही तर जाम. फुकट गरगरलं तर युनिट उलट्या बाजूने गेलं, म्हणजे पकडच उरली नाही.

यात न्यूट्रल विसरलात की सगळं फसतं. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन डिफरन्शिअलचं घर धरून ठेवतं, पुढची चाकं जमिनीने धरलेलीच असतात, मग चांगल्या गाडीचंही मागचं चाक दगडासारखं घट्ट लागतं. एका मित्राने एवढ्यावरूनच पार्ट मागवला होता. मागच्या डिफरन्शिअलला लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांच्या वेगात फार फरक पडू न देणारी सोय) असेल तर या चाचणीवर पूर्ण विसंबू नका.

चिकटलेला मागचा ब्रेकही असंच नाटक करतो. फरक सोपा आहे: ब्रेक सरळ रस्त्यावरही गाडी धरतो आणि त्या चाकाची रिम तापते. सेंटर डिफरन्शिअल फक्त वळताना धरतो, तोही कोरड्या डांबरावर. खडीवर नेलीत की गाडी साळसूद.

टायर न मोजता नवा डिफरन्शिअल बसवणे

माझ्या मते सगळ्यात महागाची चूक हीच. काम नीट झालेलं असतं, पार्टही नवा असतो, पण ज्याने जुना मारला तो खुनी चार कोपऱ्यांत हवा भरून बसलेला असतो.

चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, हा सुबारूचा नियम. ऐकायला बरंच वाटतं, पण परीघ ६.४ मिलिमीटरने कमी व्हायला रबर फक्त एक मिलिमीटर झिजावं लागतं. आता हिशेब करा. पुढचे दोन टायर नवे, मागचे चार मिलिमीटर झिजलेले. परिघात फरक पंचवीस मिलिमीटर. चाकाचा परीघ साधारण दोन मीटर धरला तर किलोमीटरला पाचशे फेरे, म्हणजे मागची चाकं दर किलोमीटरला पुढच्यांपेक्षा सहा फेरे जास्त घेणार. ताशी शंभरच्या वेगाने तासाला सहाशेहून जास्त. सरळ रस्त्यावर, वळणाचा पत्ता नसताना, ते बिचारं युनिट तासभर तेल घुसळत तापत राहतं.

म्हणून ‘दोनच बदलू, बाकीचे अजून चांगले आहेत’ हा आपला काटकसरी स्वभाव या गाडीला चालत नाही. एकच टायर फुटला तर त्याच मापाचा नवा टायर बाकीच्या तिघांइतका तासून देणारे इथे मिळतात. छोट्या स्टेपनीवर लांब जाऊ नका, आणि बंद पडलेली गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, चारही चाकं वर घेणारा ट्रकच बोलवा.

मोजायला कपड्याची टेप पुरते. हवा सारखी करा, एकेक चाक उचला, टायरच्या मधोमध टेप गुंडाळा, आकडे लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

गाडीखाली घाई

सेंटर डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या शेपटीत बसतो. कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक (सर्व्हिस मॅन्युअल) गिअरबॉक्स खाली उतरवायला सांगतं, पण घरी करणारे बरेच जण मागचं टोक झुकवून काम भागवतात. गाडी चार मजबूत स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सायलेन्सरच्या नळीचे बोल्ट मिठाच्या रस्त्यांवर गंजलेले असतात, त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणू नका.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत जाणारी लांब दांडी) काढण्याआधी मागच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर मिळून एक खूण करा. चार बोल्ट काढले की ती जुळणी हरवते, आणि उलटा बसलेला शाफ्ट थरथरायला लागला तर कारण शोधायला दोन रविवार जातात. गिअरबॉक्सचं तेल आधी काढलेलं असू द्या, नाहीतर शाफ्ट बाहेर ओढताच तेल थेट चेहऱ्यावर. या तेलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो आणि तो दाढीतून लवकर जात नाही. सांगतोय ते स्वानुभवाने.

मागचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा तुकडा) सोडला की गिअरबॉक्स झुकतो आणि त्याच्यासोबत इंजिनही मागे कलतं. त्याआधी इंजिनमागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) जोडलेली आडवी दांडी, पिचिंग स्टॉपर, काढायलाच हवी. पहिल्या वेळी मी ती विसरलो. गिअरबॉक्स खाली येईना म्हणून जोर लावत बसलो, आणि हीटरचा पाइप ताणला गेला.

ट्रान्स्फर केस आणि एक्स्टेन्शन, म्हणजे गिअरबॉक्सच्या शेपटीची दोन कव्हरं, यांचे सगळे बोल्ट निघाले तरी ते पिनांवर अडकून राहतात. फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह आवरा, अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तर तिथून कायम तेल झिरपेल. मऊ हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोकत राहा, हळूहळू सुटतं.

चिकटलेला वायसर भंगारात

आत डिफरन्शिअलच्या पुढे-मागे शिम आणि थ्रस्ट वायसर, म्हणजे मोकळेपणा जुळवणाऱ्या पातळ चकत्या, असतात. त्यांची जाडी तुमच्याच गिअरबॉक्सच्या मापाने निवडलेली असते. तेलामुळे ते जुन्या डिफरन्शिअलला इतके चिकटून बसतात की दिसतच नाहीत. माझा एक तसाच भंगारात गेला आणि मला आठवडाभर पार्टची वाट पाहावी लागली. निघेल तो वायसर लगेच पिशवीत टाका, वर लिहा: कुठला, कुठल्या बाजूचा.

जुने शिम नव्या डिफरन्शिअलला जसेच्या तसे लावायचे नाहीत. डेप्थ गेज किंवा चांगल्या कॅलिपरने मोजा, तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मोकळेपणाशी ताडून पाहा आणि लागेल त्या जाडीचा वायसर मागवा. हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या भागांत असतो. ढिलं राहिलं तर गिअर बदलताना ‘ठक्’ ऐकू येईल, घट्ट झालं तर बेअरिंग तापेल.

जोडणीचे पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून ब्रेक क्लीनरने पुसा. सीलंट थ्री बाँड १२१५ किंवा त्याच्या तोडीचा, अखंड बारीक रेघेत. जास्त लावलेला आत पिळून जातो आणि तेलात फिरतो. शाफ्ट बाहेर आहे तोवर मागचं ऑइल सीलही बदला.

तेलाचा गोंधळ

मॅन्युअल सुबारूत गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शिअल आणि सेंटर डिफरन्शिअल एकाच तेलात पोहतात. पाच गिअरमध्ये साधारण साडेतीन लिटर, ७५डब्ल्यू-९० जीएल-५. मागच्या डिफरन्शिअलचं तेल वेगळं, सुमारे ०.८ लिटर. ऑटोमॅटिकवाल्यांचे व्हिडिओ बघून पुढच्या डिफरन्शिअलचा वेगळा प्लग शोधत बसू नका. मॅन्युअलमध्ये तेल भरायचं डिपस्टिकच्या भोकातून, लांब नळीच्या गाळणीने, आणि सावकाश. डिपस्टिक लगेच पाहिली तर आकडा खोटा दिसतो, तेल खाली उतरायला वेळ द्या.

सगळं जोडल्यावर गाडी स्टँडवर असतानाच इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मग अर्धा तास चालवून गरम करा आणि रिकाम्या पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून आठच्या आकड्यात दोन्ही बाजूंना फिरवा, रिव्हर्समध्येही. चिरचिर नसेल तर घरी आणा, एक्स्टेन्शनखाली स्वच्छ पुठ्ठा टाका आणि सकाळी त्यावर डाग आहे का ते पाहा. डिपस्टिकही तेव्हाच, थंड गाडीवर, पुन्हा एकदा.