लांबच्या पल्ल्यासाठी मोटारसायकल घेताना

बेळगावातनं पुण्याला नाहीतर बंगळूरला जायचं म्हणजे ४८ नंबरच्या हायवेवर तासन्‌तास बसायचं, म्हणून आधी सीट बघा, सीसी, म्हणजे इंजिनचा आकार, नंतर. टेस्ट राइड मागूनच घ्या आणि ऐंशीच्या वेगाला हँडल किती थरथरतं ते तळहातांनी जोखा. पाय नीट टेकायला हवेत: रॉयल एनफील्डच्या मीटिओर ३५० ची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर उंच, हिमालयन ४५० ची ८२५. चोर्ला घाटात पावसात, मागं बायको आणि सामान असताना गाडी थांबवली की हा फरक कळतो. टायर ट्यूबलेसच घ्या. ट्यूब असली तर पंक्चरला चाक खोलावं लागतं. लोंढ्याच्या जंगलात रात्री कोण खोलणार? ट्यूबलेसला खिळा उपसला, भोकात रबराची स्ट्रिप दाबून बसवली, पंपानं हवा मारली की निघालो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र दोन्ही चाकांना पाहिजेच.