प्रोसेसरचे खरे तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, प्रोसेसरचे मात्र दिसत नाही. त्यामुळे संगणक वारंवार बंद पडू लागला किंवा पंखा सतत घोंगावू लागला की दुसरे सॉफ्टवेअर शोधावे लागते, आणि तिथेच पहिली अडचण येते. एकाच संगणकावर, एकाच क्षणी, एक सॉफ्टवेअर ४१ अंश दाखवते तर दुसरे ५८. यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्यासाठी तो आकडा येतो कुठून, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तापमान सॉफ्टवेअर मोजत नाही. ते मोजणारे सेन्सर प्रोसेसरच्या चिपमध्येच बसवलेले असतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र भागाला, वेगळा सेन्सर असतो आणि तो थेट तापमान सांगत नाही, तर कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच सांगतो. मर्यादा १०० अंश असेल आणि सेन्सर ३८ सांगत असेल, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६२ दाखवते. त्याने मर्यादा चुकून ८५ धरली, तर तोच प्रोसेसर ४७ अंशांवर निवांत असल्यासारखा दिसेल. इंटेलच्या जुन्या कोअर टू प्रोसेसरच्या काळात नेमके हेच घडत होते, कारण डेस्कटॉप प्रोसेसरच्या या मर्यादा इंटेलने २००८ मध्ये जाहीर करेपर्यंत प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या अंदाजाने चालत असे. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये ही मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता येते. तरीही ती कुठून आणि कशी वाचायची हे सॉफ्टवेअरला माहीत असावे लागते. म्हणून प्रोसेसरपेक्षा जुनी आवृत्ती कधीही वापरू नये.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिच्या बाबतीत घोटाळा वेगळ्या ठिकाणी होता. २०१७ मध्ये आलेल्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरमधून बाहेर येणारा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दामच २० अंशांनी जास्त ठेवला होता. निरनिराळ्या मॉडेलांवर पंख्याचे वागणे एकसारखे राहावे, हा त्यामागचा हेतू होता. या आकड्याला टी-कंट्रोल आणि चिपच्या प्रत्यक्ष तापमानाला टी-डाय म्हणतात. हा फरक ज्या सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हता, ते ५० अंशांवरचा प्रोसेसर ७० अंशांवर दाखवत असे. असे जुने रायझन आजही वापरात आहेत, तेव्हा ते असणाऱ्यांनी दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवणारे सॉफ्टवेअरच घ्यावे.

याखेरीज मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडलेल्या मुख्य पट्टीवरही सेन्सर असतात आणि सर्वांत जास्त फसगत त्यांच्यामुळे होते. काहींचे मोजमाप प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटजवळचे असते, काही जोडण्या रिकाम्याच असतात आणि तिथे १२७ किंवा उणे १२८ असे अशक्य आकडे झळकतात. माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या एका संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअर दिवसभर २७.८ अंश दाखवत होते, आणि प्रत्यक्षात प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंक या धातूच्या भागाच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसून तो संगणक तापून बंद पडत होता. २७.८ हा आकडा दिसला की सावध व्हावे. बायोस या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राममध्ये या तापमानाची नोंद केल्विनच्या दशांशांत असते. अनेक मदरबोर्डांवर तिथे ३०१०, म्हणजे ३०१ केल्विन, ही ठरावीक संख्या भरून ठेवलेली असते आणि तिचे सेल्सिअसमध्ये रूपांतर केले की २७.८ येतात. त्या आकड्यामागे बहुधा सेन्सरच नसतो.

म्हणून निवडीची माझी पहिली कसोटी अशी, की सॉफ्टवेअरने प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या सेन्सरचा आहे हे सांगितले पाहिजे. विंडोजसाठी या कसोटीवर मला एचडब्ल्यूइन्फो सर्वांत भरवशाचे वाटते. सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडावा. त्यात प्रोसेसरचे स्वतःचे सेन्सर एका शीर्षकाखाली आणि मदरबोर्डवरील चिपचे सेन्सर दुसऱ्या शीर्षकाखाली येतात, शिवाय किमान, कमाल व सरासरी यांचे स्वतंत्र रकाने असतात. यादी लांबलचक असल्याने नवखा माणूस गोंधळतो, पण कोअरचे तापमान, संपूर्ण प्रोसेसरचे तापमान आणि उष्णतेमुळे वेग कमी झाला का हे सांगणारी ओळ, एवढेच पाहिले तरी पुरते. केवळ घड्याळाशेजारी एक आकडा हवा असेल तर कोअर टेम्प सुटसुटीत आहे. मुक्त स्रोताचा आग्रह असेल तर लिब्रे हार्डवेअर मॉनिटर घ्यावे. एकेकाळी घरोघरी असलेले स्पीडफॅन मात्र नव्या संगणकावर नको. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पुरेसे आहे. तिथे इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के१०टेम्प या नावाखाली येणारे आकडेच प्रोसेसरचे समजावेत.

सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे. प्रोसेसरच्या आतले आकडे वाचण्यासाठी या सॉफ्टवेअरांना यंत्रणेच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम लागतो. अशा अनेक सॉफ्टवेअरांनी वापरलेल्या विनरिंग० या ड्रायव्हरमधील त्रुटी २०२० मध्ये नोंदली गेली आणि मार्च २०२५ मध्ये विंडोजमधलाच सुरक्षा प्रोग्राम विंडोज डिफेंडर त्याला अडवू लागला. असा इशारा आला तर डिफेंडर बंद न करता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शोधावी. डाउनलोड नेहमी मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच करावे आणि इन्स्टॉल करताना जोडीला येणाऱ्या इतर गोष्टींपुढील खुणा काढून टाकाव्यात.

निवडलेले सॉफ्टवेअर खरे बोलते का, हे घरीच तपासता येते. संगणक रात्रभर बंद ठेवावा, सकाळी खोलीतल्या थर्मामीटरवरचे तापमान टिपून घ्यावे आणि मग तो सुरू करावा. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही; खोलीत २६ अंश असताना सॉफ्टवेअर २१ दाखवत असेल, तर सेन्सर तरी चुकतो आहे किंवा हिशेब तरी. मात्र हे सेन्सर कमाल मर्यादेच्या आसपास अधिक अचूक असतात आणि थंड स्थितीत काही अंश चुकू शकतात, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच किंवा प्राइम९५ हा प्रोग्राम दहा मिनिटे चालवून एकदम थांबवावे आणि आकड्यांवर नजर ठेवावी. चिपमधला सेन्सर एक-दोन सेकंदांतच झपाट्याने खाली येतो, तर सॉकेटजवळचा रेंगाळत उतरतो. जो आकडा भार टाकला तरी हलत नाही आणि काढला तरी हलत नाही, त्याकडे पुन्हा पाहू नये.

ही तपासणी करताना तापमान दाखवणारी दोन सॉफ्टवेअर एकदम चालवू नयेत, कारण मदरबोर्डवरील एकाच चिपला दोघांनी विचारणा केली की चुकीचे आकडे येऊ शकतात. दर दोन सेकंदांनी एक नोंद पुरेशी असते. २०१९ मध्ये रायझन ३००० मालिका आली तेव्हा प्रोसेसर रिकामा असूनही गरम दिसतो अशी तक्रार होती, आणि फार घाईने विचारणा करणारी सॉफ्टवेअरेच त्याच्या कोअर जाग्या करतात, असे एएमडीने स्पष्ट केले होते.

मिळालेला आकडा आपल्या मॉडेलच्या मर्यादेशी ताडून पाहावा. रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच घडवलेले आहेत, तर रायझन ७ ७८००एक्स३डी या मॉडेलची मर्यादा ८९ आहे. प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचे तापमानही लिहावे. जानेवारीत १८ अंशांच्या खोलीत ७२ आणि मे महिन्यात नागपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत ९२ हे आकडे भिन्न दिसले, तरी दोन्ही वेळा फरक ५४ अंशांचाच आहे, म्हणजे प्रोसेसरचा कूलर पूर्वीइतकेच काम करतो आहे. तसाच भार असताना तो फरक ६५ वर गेला, तर कॅबिनेट उघडून धूळ काढावी आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलावी.