सॉफ्टवेअर पेटंटचं पत्र आलं, तर आधी लाल पेन्सिल काढा

मी मूळची मिरजेची. बारा वर्षं म्युनिकमध्ये बेकऱ्यांसाठी ऑर्डरचं सॉफ्टवेअर लिहितेय. गेल्या वर्षी एका कंपनीचं पत्र आलं: नेहमीच्या गिऱ्हाइकाला आपोआप सवलत देण्याची तुमची सोय आमच्या पेटंटमध्ये बसते, लायसन्स घ्या. आमचा मालक म्हणाला, "युरोपात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही," आणि पत्र केराच्या टोपलीत. मी ते काढून सरळ केलं.

मालकाचं म्हणणं अर्धंच खरं. १९७३ च्या युरोपियन पेटंट कराराचं कलम ५२ संगणक प्रोग्रॅमला शोध मानत नाही. पण लगेच पुढचं पोटकलम म्हणतं, 'निव्वळ' प्रोग्रॅम असेल तरच. सगळी भांडणं या शब्दावर. जुलै २००५ मध्ये युरोपियन संसदेने याबाबतचा नवा कायदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. दोन्ही बाजूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, 'निव्वळ' जागचा हलला नाही, आणि पेटंटं मिळत राहिली. आपल्या भारतीय पेटंट कायद्याच्या ३(के) कलमातही हीच मेख आहे.

तर पत्राला घाईने उत्तर देऊ नका. पेटंटचा नंबर एस्पासनेटवर, म्हणजे युरोपियन पेटंट ऑफिसच्या शोधाच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे. नंबरच्या शेपटाकडे बघा. बी१ म्हणजे पेटंट मंजूर झालंय. ए१ म्हणजे नुसता अर्ज छापलाय, निकाल बाकी. आमच्या पत्रात 'आमचं पेटंट' असं सहा वेळा होतं आणि शेपूट ए१!

मग गोषवारा सोडा, तो सगळ्यांचाच भारदस्त असतो. पहिला दावा, म्हणजे 'क्लेम', छापून घ्या. पेटंटची हद्द तिथे ठरते. आमच्या कागदावर होतं: सर्व्हर, डेटाबेस, पडदा, आणि मागच्या खरेदीवरून सवलत ठरवणं. सर्व्हर आहे म्हटल्यावर 'निव्वळ' प्रोग्रॅम राहिला नाही. पहिलं दार इतकं सहज उघडतं. खरी चाळणी पुढे. युरोपियन पेटंट ऑफिसच्या २००२ च्या कॉमविक निकालापासून पेटंटसाठी लागणारी कल्पकता मोजताना तांत्रिक भागच धरतात. सवलतीचा नियम हा धंद्याचा भाग, त्यावर लाल रेघ. तो नियम मालकाने प्रोग्रॅमरला आयताच दिलाय असं समजा आणि विचारा: तो संगणकावर उतरवताना डोकं कुठे चाललं? आमच्या कागदावर रेघेनंतर उरला सर्व्हर, डेटाबेस आणि पडदा. ते तर कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातही आहे. उलट, कमी मेमरीत चित्रावर प्रक्रिया करणारी रीत असती, तर रेघ मारायला जागाच मिळाली नसती. मग मी वकिलाकडे पळाले असते.

शेपूट बी१ असेल तर मंजुरीची तारीख बघा. त्यापासून नऊ महिने पेटंट ऑफिसात विरोध नोंदवता येतो. त्याला फी आहे आणि वकील लागतोच असं धरून चाला. नंतर कोर्ट.

ए१ असेल तर त्याच युरोपियन कराराचं कलम ११५ वापरा. कुणीही, नाव न देता, अर्जावर हरकत पाठवू शकतं. फी नाही, भाषा इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच. 'सॉफ्टवेअर पेटंट वाईट' असा निबंध लिहू नका, परीक्षकाला त्याचा उपयोग नाही. ही गोष्ट आधीपासूनच होती, असा अर्जाच्या तारखेआधीचा पुरावा जोडा. आम्ही आमच्याच जुन्या आवृत्तीचं छापील माहितीपुस्तक जोडलं, पान १४, 'नेहमीच्या गिऱ्हाइकाला सवलत'. अर्जाच्या चार वर्षं आधीपासून ते बेकऱ्यांच्या काउंटरवर पडून होतं, पिठाच्या बोटांसकट.