ॲपवरून टेबलावर: गोव्यात पहिल्यांदा लाइव्ह पोकर खेळायला बसताना

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि आपल्याकडच्या पोकर ॲपवरची पैशांची टेबलं बंद पडली. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या बऱ्याच खेळाडूंची नजर पणजीकडे, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांकडे आहे. पत्ते तेच, डावही तोच. फक्त ॲप जी कामं न सांगता करत होतं, ती आता तुमच्या गळ्यात पडतात. तिथे पाळी नसताना बटण चालायचंच नाही, पॉट, म्हणजे डावात सगळ्यांची मिळून जमलेली रक्कम, किती झाला ते समोर दिसायचं, चुकीची रक्कम घेतलीच जायची नाही.

१. निघण्याआधी चौकशी करा. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ हवं. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायची रक्कम) किती, किमान किती रुपये घेऊन बसता येतं, रेक (पॉटमधून कॅसिनो घेतो तो वाटा) किती कापतात, हे फोनवरच विचारा. ॲपवर तुम्ही खेळत होतात त्याच्या कितीतरी पट मोठे ब्लाइंड इथे सगळ्यात लहान असू शकतात. गेले तर चालतील एवढेच पैसे न्या आणि बँकेचं कार्ड खोलीवर ठेवून जा.

२. हाताला सवय लावा. रमीसारखे पत्ते उचलून छातीशी धरायचे नाहीत. ते टेबलावरच ठेवून, एका तळहाताची आड करून, अंगठ्याने कोपरे जरासे उचलून बघायचे आणि वर एक चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) ठेवून द्यायची. वर काही न ठेवता मोकळे सोडलेले पत्ते डीलरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याने, टाकून दिलेले समजून ओढून घेतले, तर ते सहसा परत मिळत नाहीत. डीलरच्या शेजारी बसणाऱ्याने तर जास्तच जपावं. चिप्सच्या वीस-वीसच्या चळती लावा, मोठ्या किमतीच्या पुढे. त्या मागे दडवणं शिष्टाचाराला धरून नाही.

३. आधी बोला, मग चिप्स टाका. नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. समजा ब्लाइंड १००-२०० आहेत आणि कोणीतरी ६०० लावले. तुमच्या मनात ती रक्कम वाढवून २,००० करायची, म्हणजे २,००० चं रेज आहे, म्हणून तुम्ही न बोलता ५,००० ची एकच चिप पुढे सरकवली. तो कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच लावणं, धरला जातो, ४,४०० परत. एकाच मोठ्या चिपने, तोंडातून शब्द न काढता, रेज होत नाही. "रेज, दोन हजार" म्हणा आणि मग हात हलवा. आधी ६०० ठेवून पुन्हा चळतीकडे हात नेला तरी तो कॉलच. सिनेमात "तुझे सहाशे, आणि वर एक हजार" असं ऐटीत म्हणतात, ते इथे चालत नाही.

पाळी आल्यावर उच्चारलेला शब्दही बांधून ठेवतो: चुकून "कॉल" निघालं की कॉल. आणि मित्रासोबत गेला असाल तर डाव चालू असताना त्याच्याशी मराठीत कुजबुजू नका. टेबलावर ठरलेल्या भाषेतच बोलायचं असतं. बाकीचे हरकत घेणार आणि त्यांचं बरोबरच असतं.

४. कंटाळ्याची तयारी ठेवा. लाइव्ह टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. ॲपवर चार टेबलं उघडून बसणाऱ्याला त्या वेळात दोनशेच्या वर डाव मिळत. मग तासभर काही आलं नाही की राजा-नव्वीसुद्धा देखणी वाटू लागते. ती टाका. टाकलेल्या डावातच खरं काम असतं: कोण कशावर किती लावतो, शेवटी काय दाखवतो, हे बघून ठेवा. आकडेवारी दाखवणारं सॉफ्टवेअर इथे नाही.

५. रेज मोठं, ब्लफ कमी. लाइव्ह टेबलावर नुसता ब्लाइंड भरून फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडले जाणारे पहिले तीन पत्ते) बघणारे भरपूर. २०० च्या ब्लाइंडवर तिघे असे आत आले असताना ॲपच्या सवयीने ५०० केलेत, तर चौघे मागे येतील. १,६०० च्या आसपास करा. पाचजण पॉटमध्ये असतील तर एका जोडीच्या जिवावर उड्या मारू नका, आणि ज्याला पत्ते टाकणं माहीतच नाही त्याच्यावर ब्लफ खर्चू नका. चांगले पत्ते असतील तेव्हा मात्र भरपूर लावा. पॉट मनात मोजत राहा: चौघांचे ६००-६०० म्हणजे २,४००.

६. चेहरे वाचायच्या फंदात फार पडू नका. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता मिळवून लास व्हेगासला गेला आणि वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन आला. ती गोष्ट ऐकून सगळे डोळे लपवायला गॉगल विकत घेतात. समोरचा डोळ्यांपेक्षा रकमेतून जास्त बोलतो. एक खूण मात्र ध्यानात ठेवा: चिप्स सरकवताना हात थरथरला तर बहुतेकदा भीती नसते, पत्ते भारी असतात.

७. पत्ते सोडायची घाई नको. शेवटी दोन्ही पत्ते सुलटे टेबलावर ठेवा, म्हणजे डीलर वाचेल. समोरच्याने "फ्लश" (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) म्हटलं म्हणून आपले फेकू नका. पत्ते दिसेपर्यंत ते नुसतं बोलणं आहे. आपण जिंकलो असलो तरी पॉट प्रत्यक्ष आपल्याकडे सरकेपर्यंत पत्त्यांवरचा हात काढू नका. उठताना चिप्स काउंटरवर बदलून घ्या आणि पावती जपून ठेवा, कारण जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि वर उपकर वेगळा.