सील चावला तर काय करायचं, हसू नका आधी वाचा

आता म्हणाल लातूरचा माणूस अन समुद्रातल्या प्राण्याचं सांगायलाय, २०१६ ला आमच्याकडं प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलतं हे सगळ्यांना माहितीय. पण आजकाल घरटी एक लेकरू अमेरिकेला, अन त्याच्या मागं आईबाप सहा महिने तिकडं. आमचे मामा असेच गेलते. सॅन डिएगोजवळ ला होया म्हणून जागा आहे, तिथं सील अन सी लायन (सीलचेच भाऊबंद) वाळूवर पसरलेले असतात, दुपारी लिंबाखाली बसलेल्या म्हशीसारखे. मामांना वाटलं पाण्याबाहेर अडकलंय बिचारं, म्हणून बाटलीतलं पाणी ओतायला वाकले अन त्यानं गर्रकन मान वळवून बोटच धरलं. दाताचं एवढूसं भोक. रुमाल गुंडाळला, घरी येऊन हळद दाबली, विषय संपला.

दहाव्या दिवशी, तोवर परत लातूरला आलते, बोट भरताच्या वांग्यासारखं झालं, तसंच चकचकीत अन निळसर लाल, अन ठणका असा की रात्रभर हात उशीवर धरून बसले. अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. मेडिकलवरून अमॉक्सिसिलिन घेतलं, चार दिवसात काडीचा फरक नाही. दवाखान्यात गेले तर तिथं सांगितलं काय, तर खिळा लागला! सील चावला म्हणलं तर लोक हसतील म्हणे.

ह्याला सील फिंगर म्हणतात. नॉर्वेत सीलची शिकार करणाऱ्यांना हे व्हायचं, १९०७ मध्ये तिथल्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय, अन अँटिबायोटिक नव्हते तेव्हा बोट कापायची पाळी यायची. सीलच्या तोंडातला मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू ह्याच्या मागं असतो. त्याला बाहेरची भिंतच नसते, अन पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं भिंतच फोडतात, म्हणून ती इथं फुकट जातात. डॉक्सीसायक्लिनच्या गटातलं औषध चालतं, पण ते डॉक्टरनंच द्यायचं, गरोदर बाई नाहीतर लहान लेकरू असलं तर त्यांचा विचार वेगळा. चावल्यावर तीन दिवसांनी पण सूज येती अन तीन आठवड्यांनी पण, तोवर माणूस चावल्याचंच विसरलेला असतो. म्हणून कुठंही गेलात तरी पहिलं वाक्य हेच, की मला सील चावलाय, अमुक तारखेला. मामांनी शेवटी खरं सांगितलं तेव्हा गोळी बदलली अन सूज उतरली, पण सांधा थोडा आखडलाच, भाकर मोडताना ते बोट बाजूला उभं राहतं.

आता चावल्या चावल्या काय करायचं. रक्त धो धो वाहत असलं तर आधी स्वच्छ कपडा गच्च दाबून धरायचा, नाहीतर सरळ नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटं पण लई वाटतात. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या लगेच काढायच्या, सूज आल्यावर निघत नाहीत. मग बीटाडीन. हळद, चुना, तंबाखू, तिखट ह्यातलं काहीही नको, कुत्रं चावल्यावर आपल्याकडं जे जे भरतात ते सगळं घरात राहू द्या. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं, अन खोल जखमेला लगेच टाके घाला म्हणून मागं लागायचं नाही, आत घाण कोंडली की पू होतो.

रेबीजचं पण विचारा. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपच्या फर सीलमध्ये रेबीज सापडलाय, अन केप टाऊनला तर आपले टूरवाले सर्रास नेतात. तिकडं चावला, नुसतं ओरखडलं, किंवा लाळ उघड्या जखमेला लागली तरी त्याच दिवशी लस सुरू करायची. दंडात घ्यायची असली तर आपल्या कुत्र्याच्या इंजेक्शनसारखंच, ०, ३, ७, १४ अन २८ वा दिवस. परत आल्यावर घेऊ असं म्हणू नका.

न चावावं म्हणून एकच करायचं, लांब राहायचं. अमेरिकेत ५० यार्ड सांगतात, म्हणजे साधारण ४५ मीटर, क्रिकेटच्या दोन पीचपेक्षा जास्त. सेल्फीसाठी पाठ करून बसायचं नाही, लेकराला तर पुढं उभंच करू नका. मासा, बिस्कीट, चिवडा काही टाकायचं नाही. ते ऊन खायला वर आलेलं असतं, त्याला पाणी नको असतं. अन मान हलवत, झटके देत, उगाच अंगावर धावून येणारा सी लायन दिसला तर पळाच, कॅलिफोर्नियात कधीकधी शेवाळातलं डोमोइक ॲसिड माशातून त्यांच्या पोटात जातं अन डोकं फिरतं त्यांचं.

आपल्याकडं सील नाहीत, पण तारकर्ली, हर्णैला डॉल्फिन बघायला बोटी जातात. पाण्यात हात घालू नका, बोटवाल्याला अजून जवळ घे म्हणू नका. किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन दिसला तर ओढत पाण्यात लोटायचा नाही, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही, तोंडाकडं अन शेपटीकडं उभं राहायचं नाही, अन वनखात्याच्या १९२६ ला फोन लावायचा.