जुन्या शेव्हेलसाठी ३८३ बांधताना: रोज रस्त्यावर चालेल असं दणकट इंजिन

आधी एक विचारतो, गाडी चालवायचीये का नुसता एचपीचा आकडा सांगत फिरायचंय? कारण जुन्या मसल कारचं इंजिन बांधायला घेतलेला प्रत्येकजण पहिल्यांदा आकड्यामागे पळतो, मी पण पळालो, मोठ्ठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोठ्ठा कार्ब्युरेटर, आणि मग गाडी सिग्नलला खोकत उभी राहते आणि ब्रेक दाबला तर दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटतं, कारण पॉवर ब्रेकला लागणारा व्हॅक्यूमच इंजिनात उरलेला नसतो. रस्त्यावरचं इंजिन जवळपास सगळा वेळ १५०० ते ४००० आरपीएममध्ये जगतं. तिथे कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी खरेदी आपोआप ठरते.

माझी गाडी १९७० ची शेव्हेल, म्हणजे शेव्हर्लेची (लाडाने शेव्ही), मूळ इंजिन ३५० क्युबिक इंचांचं. राहतो डेट्रॉइटच्या एका उपनगरात, इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते आणि त्या गर्दीत भर उन्हात गाडी मुंगीच्या पावलांनी न्यावी लागते, म्हणजे इंजिन तापता कामा नये, आयडल शांत पाहिजे, आणि पुढे मोकळा रस्ता मिळाला की पाय दाबल्यावर पाठ सीटला चिकटली पाहिजे. या सगळ्याला माझ्या मते एकच सरळ उत्तर आहे, ३८३ स्ट्रोकर, म्हणजे लांब स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ क्युबिक इंचांपर्यंत वाढवलेलं ३५०.

हिशोब साधा आहे. ३५० चा बोअर (सिलेंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३.४८. बोअर ३० थाऊ वाढवायचा म्हणजे ४.०३०, आणि क्रँक घालायचा ३.७५ स्ट्रोकचा, जो मुळात शेव्हीच्या ४०० स्मॉल ब्लॉकचा (३५० च्याच घराण्यातलं मोठं व्ही-८) स्ट्रोक. आठ सिलेंडरचा गुणाकार करा, ३८२.७ क्युबिक इंच येतात. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्यांना हे सांगायला नको.) पूर्वी लोक भंगारातून ४०० चा क्रँक शोधायचे आणि त्याचे मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) २.६५ वरून २.४५ ला घासून घ्यायचे, आता ३५० च्या ब्लॉकमध्ये सरळ बसणारा नवा क्रँक पिस्टन-रॉडसकट किटमध्ये येतो. किट घेताना दोन गोष्टी बघा. एक, १९८५ पर्यंतच्या ब्लॉकला मागचं सील दोन तुकड्यांचं असतं आणि १९८६ पासून एकसंध, क्रँक त्याप्रमाणेच घ्यावा लागतो. दुसरं, बॅलन्स इंटर्नल आहे (वजन क्रँकवरच) का एक्स्टर्नल (काही वजन बाहेर), कारण पुढचा बॅलन्सर आणि मागची फ्लेक्सप्लेट त्याला जुळणारीच लागते, नाहीतर इंजिन चालू झाल्यावर डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागतो.

ब्लॉक कुठला वापरायचा? गाडीच्या नंबराशी जुळणारं मूळ इंजिन असेल तर त्याला हात लावू नका. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, गाडी विकायची वेळ आली तर त्याचे पैसे होतात. बांधायला दुसरा ३५० चा ब्लॉक शोधा, मागच्या बाजूला जिथे ट्रान्समिशन बसतो तिथे कास्टिंग नंबर असतो, ३९७००१० दिसला तर चांगलंच, तो त्या काळातला सगळ्यात जास्त दिसणारा ३५० चा ब्लॉक. क्रँक धरून ठेवणारी मेन कॅप चार बोल्टवालीच पाहिजे असा हट्ट करणारे भेटतील. चारएकशे एचपीच्या इंजिनाला दोन बोल्टवाला धडधाकट ब्लॉक पुरतो, फक्त नवीन चांगले बोल्ट किंवा स्टड घाला.

मशीन शॉपमध्ये ब्लॉक न्यायच्या आधी पिस्टन विकत घ्या, हे लोक उलटं करतात. बोअर त्या हातात असलेल्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो, कागदावरच्या मापाने नाही. शॉपला सांगायची कामं म्हणजे केमिकलमध्ये धुणे, क्रॅक तपासणे, बोअरिंग, होनिंग करताना टॉर्क प्लेट लावणे (हेडचे बोल्ट आवळले की सिलेंडर किंचित वाकडा होतो, तो त्याच अवस्थेत गोल करून घ्यायचा), मेन बोअरची लाइन बघणे, डेक (हेड बसतं तो ब्लॉकचा वरचा भाग) सपाट करणे आणि नवीन कॅम बेअरिंग. आणि ब्लॉक परत आला की तो धुतलाय यावर विश्वास ठेवू नका. मला एका शॉपने वॉश केलाय म्हणून दिलेल्या ब्लॉकच्या सिलेंडरमध्ये मी पांढरं फडकं फिरवलं आणि ते राखाडी झालं, ती होनिंगची पूड, नुसती पॉलिश पेपरची धार, रिंग आणि बेअरिंग खाऊन टाकते. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि लांब ब्रश घेऊन ड्राइव्हवेमध्ये दोन तास घासलं, फडकं पांढरं निघेपर्यंत. तेलाच्या वाटा आतून ब्रशने. आणि पुसल्या पुसल्या लगेच तेल, कारण उघड्या बिडाला बघता बघता गंज धरतो.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, कारण इथे बरेच जण फसतात. स्ट्रोक वाढला की कॉम्प्रेशन आपोआप वाढतं. ६४ सीसी चेंबरचे हेड, सपाट डोक्याचा पिस्टन ज्यात व्हॉल्व्हचे खाच ५ सीसीचे, ४१ थाऊची गास्केट म्हणजे साधारण ९ सीसी, आणि पिस्टन वर येतो तेव्हा डेकच्या बरोबर. हेच सगळं ३५० वर लावलं तर १०.३ येतं, ३८३ वर ११ येतं. पंपावरच्या पेट्रोलवर ११ म्हणजे उन्हाळ्यात चढावर खडखड (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) नक्की. म्हणून ३८३ ला खोलगट पिस्टन घ्यायचा, १३ सीसीची वाटी धरली तर १०.१ होतं, अ‍ॅल्युमिनियम हेड आणि ९३ ऑक्टेनवर मस्त चालतं. बिडाचे हेड असतील तर साडेनऊच्या आत रहा. कॉम्प्रेशन कमी करायला जाड गास्केट घालू नका मात्र, पिस्टन आणि हेडमधलं अंतर ४० थाऊच्या आसपासच पाहिजे, ते वाढवलं तर खडखड उलट वाढते.

हेडचे इनटेक पोर्ट १८० ते १९५ सीसी, याहून मोठे घेतले तर खालच्या आरपीएमला हवेचा वेग मरतो. मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंतच्या वाटा) ड्युअल प्लेन, म्हणजे दोन मजली वाटांचं. कार्ब्युरेटरचं सूत्र पाठ करा, क्युबिक इंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६, म्हणजे ३८३ ला ६००० वर ६६५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), आणि तेही इंजिन शंभर टक्के भरतंय असं धरून. ६५० किंवा ७५० घ्या, ८५० घेऊन कुणाला दाखवायचंय?

कॅमबद्दल मी जरा कडक बोलतो. ५० थाऊ लिफ्टला मोजलेलं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) २२० ते २३० डिग्री, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११० ते ११२, बस. तो धडाड-धडाड आयडलचा आवाज सगळ्यांनाच आवडतो, मलाही, पण त्या आवाजाची किंमत व्हॅक्यूममध्ये मोजावी लागते. पैसे असतील तर हायड्रॉलिक रोलर घ्या (कॅमवर टेकणाऱ्या लिफ्टरला खाली चाक असतं), १९८७ च्या आधीच्या ब्लॉकला त्यासाठी जोडपट्टीवाले रेट्रोफिट लिफ्टर आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण लागतं. फ्लॅट टॅपेट (सपाट तळाचे, कॅमवर घासत चालणारे लिफ्टर) स्वस्त आहे, पण आजच्या गाड्यांच्या इंजिन ऑइलमध्ये झिंक कमी असतं आणि पहिल्या वीस मिनिटांत चुकलात तर लोब घासून सपाट. माझा पहिला कॅम असाच गेला, चूक माझीच, पेट्रोल लीक दिसला म्हणून इंजिन आयडलला सोडून खाली वाकून बघत बसलो.

आणि हे सगळं मागच्या चाकांच्या अॅक्सलमधल्या गिअरशी जुळलं पाहिजे. २६ इंची टायर आणि ४.१० चा गिअर असेल तर ७० मैलांच्या वेगाला इंजिन ३७०० वर ओरडत राहतं, हायवेवर शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. ३.५५ ला तेच ३२०० होतं. ओव्हरड्राइव्हवाला ७००आर४ ट्रान्समिशन टाकला तर ३.७३ लावूनसुद्धा २४०० च्या आत. ट्रान्समिशनचा टॉर्क कन्व्हर्टर २२०० ते २५०० स्टॉलचा (गाडी ब्रेकवर धरून इंजिन जिथवर चढतं तो आरपीएम) पुरे.

जोडणी करताना घाई नको. लांब स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमच्या लोबला लागू शकतात, म्हणून आधी सगळं कोरडं जोडून क्रँक हाताने पूर्ण फिरवा, प्रत्येक सिलेंडरला ५० ते ६० थाऊ मोकळीक पाहिजे, नसेल तर ग्राइंडरने थोडं घासा आणि परत धुवा (हो, परत). मेन बेअरिंगला मोकळीक २५ थाऊ नव्हे, अडीच थाऊ, ०.००२५ इंच. प्लास्टिगेजचा मेणासारखा धागा ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, परत खोलायची आणि चपटा झालेला धागा पट्टीशी लावून रुंदी वाचायची, त्यावेळी क्रँक अजिबात फिरवायचा नाही. रॉडची चेंफर असलेली बाजू क्रँकच्या गालाकडे, हे दहा वेळा बघा.

पिस्टनच्या रिंगचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. रिंग सिलेंडरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि तोंडामधल्या फटीत फिलर गेज. वरच्या रिंगला बोअरच्या प्रत्येक इंचामागे साडेचार थाऊ, म्हणजे आपल्याला १८ थाऊ. १४ निघाली तर कानस. पण कानस एकाच दिशेने, बाहेरून आत, नाहीतर बाहेरचा मॉलीचा थर टवका उडून निघतो. दोन घासे, परत मोजा, परत दोन घासे. जास्त घासली तर रिंग गेली, लोखंड परत वाढत नाही. मी एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि आठ सिलेंडर होईपर्यंत संध्याकाळ झाली, प्रत्येक रिंग तिच्याच सिलेंडरच्या नंबरच्या पाकिटात.

हेडचे बोल्ट एका बाजूला १७, मधून बाहेर, तीन टप्प्यांत ६५ फूट-पाउंडपर्यंत. स्मॉल ब्लॉकच्या या बोल्टांची भोकं खाली पाण्यात उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावायचंच, माझा एक राहिला होता आणि महिनाभर कूलंट कुठून पाझरतंय ते कळेना.

चालू करायच्या आधी ऑइल पंप ड्रिलने फिरवा. डिस्ट्रिब्युटर काढून तिथे प्रायमिंग टूल, ड्रिल घड्याळाच्या दिशेने, आणि मधूनमधून कुणाला तरी क्रँक थोडा फिरवायला सांगा. आधी ड्रिल हलकं पळतं, मग एकदम जड होतं आणि गेजचा काटा उठतो. तरी थांबायचं नाही, सोळाही रॉकरमधून तेल येईपर्यंत चालू ठेवायचं. मग एक नंबर सिलेंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वर आणून डिस्ट्रिब्युटर बसवायचा. एक्झॉस्ट स्ट्रोकलाही पिस्टन वरच असतो, त्यामुळे प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हवा ढकलते का ते बघा. मी अंदाजाने बसवला होता, कार्ब्युरेटरमधून अशी ज्वाळा आली की शेजारचे आजोबा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावत आले. वायरचा क्रम १-८-४-३-६-५-७-२.

फ्लॅट टॅपेट असेल तर चालू झाल्याक्षणी २००० ते २५०० आरपीएम आणि वीस मिनिटं खाली आणायचं नाही, झिंकवालं ब्रेक-इन ऑइल, रेडिएटरसमोर मोठा पंखा. रोलरला हे नाटक नाही. ठिणगीचं टोटल टायमिंग ३४ ते ३६ डिग्री, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पाइप काढून मोजायचं आणि मग परत लावायचा, रस्त्यावरच्या गाडीला तो पाहिजेच. तेलाचं प्रेशर दर हजार आरपीएममागे १० पीएसआय मिळालं की झालं. नीट जुळलेलं असं ३८३ चारशेच्या वर एचपी सहज देतं, टॉर्क त्याहून जास्त, आणि आयडलला सुपारी खात बसल्यासारखं शांत.

पहिल्या दिवशीच तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून आतला कागद उघडा, उन्हात धरा आणि चुंबक फिरवून बघा. थोडी राखाडी पूड ठीक आहे. चमकणारे कण दिसले तर गाडी तिथेच ठेवा आणि पॅन खोला.