गोल जिन्याचा स्वीप: ओळंब्यात की चढात?

स्वीप म्हणजे थ्रीडी सॉफ्टवेअरमधली, एक आकार रेघेवरून फिरवून वस्तू बनवणारी कमांड. ती समजवायला मला चकलीचा सोऱ्या पुरतो. चकती म्हणजे प्रोफाइल (छेदाचा आकार), हात फिरेल तो पाथ. कमांड कुणालाही लगेच येते. अडतं ते पुढे: पाथ चढता आणि वळता असला की प्रोफाइल उभं कशाला धरून राहणार, ओळंब्याला, म्हणजे सरळ उभ्या रेघेला, की चढाला काटकोनात? हे ठरल्याशिवाय माउस हातात घेऊ नका.

मी नाशिकला कॅनडा कॉर्नरपाशी बसून आर्किटेक्ट लोकांची थ्रीडी मॉडेलं करते. त्यातली बरीचशी पुढे अंबडला फॅब्रिकेटरकडे जातात, म्हणजे रेंडर देखणं झालं की काम संपलं असं नसतं, त्यावरून पत्रा कापला जातो. म्हणून उदाहरण गोल जिन्याचंच घेते. गंगापूर रोडच्या बंगल्यांत हल्ली तो ज्याला त्याला हवा असतो. सॉफ्टवेअर राइनो, एकक मिलिमीटर.

सोपी कामं आधी उरकू. पाथ एकाच प्रतलात (प्लेनमध्ये) असेल, मग तो आडवा असो की उभा, तर डोकेदुखी नाही. जुन्या वाड्याची कॉर्निस, देवळाच्या जोत्याचे थर हे आडवे पाथ. पांडवलेण्यांतल्या १८ क्रमांकाच्या चैत्याची दर्शनी कमान हा उभा पाथ. हे स्केचअप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा होतं. आधी पाथ सिलेक्ट करा, मग फॉलो मी, मग प्रोफाइलच्या फेसवर क्लिक. कोपऱ्यावर मायटर (तिरका जोड) आपोआप पडतो. गोलाई बारीक असेल तर स्केचअप छोटे फेस गाळतं. कॉम्पोनंट १०० पट मोठा करून स्वीप करायचा आणि मग परत लहान करायचा.

गोल जिन्याला मात्र मी स्केचअप वापरत नाही. तिथलं वर्तुळ म्हणजे मुळात २४ सरळ रेघा. १५०० च्या रेडियसला रेघेचा मध्य खऱ्या वर्तुळापासून जवळपास १३ मिमी आत पडतो. ९६ रेघा केल्या तर फरक १ मिमीच्या आत येतो, पण मॉडेल जड होतं आणि फॅब्रिकेटरला शेवटी तुकडेच मिळतात.

आता जिना. मजल्याची उंची ३२००, म्हणजे १६० चे २० रायझर (पायरीची उभी बाजू). आतला रेडियस ५००, बाहेरचा १५००, फिरकी २७० अंश. राइनोत हेलिक्स (गोल फिरत चढणारी रेघ) कमांड घ्या, मधला अक्ष ३२०० उंच द्या, टर्न ०.७५. आतल्या आणि बाहेरच्या रेडियसला एकेक हेलिक्स काढा. दोन्ही हेलिक्स एकाच रेडियल (मध्यापासून बाहेर जाणाऱ्या) रेघेवरून सुरू झाले पाहिजेत, तेव्हा ऑर्थो (रेघ काटकोनातच ओढू देणारी सोय) चालू ठेवा. जिना डावीकडे चढतो की उजवीकडे ते प्लॅनवर बघून घ्या. उलटा असेल तर रिव्हर्स ट्विस्ट.

पुढे जाण्याआधी कॅल्क्युलेटर काढा. बाहेरच्या हेलिक्सची प्लॅनमधली लांबी ७०६९, चढ ३२००, म्हणजे कोन सुमारे २४ अंश. आतल्याची लांबी फक्त २३५६, चढ तोच, कोन साडेत्रेपन्नच्या वर. एकाच जिन्याच्या दोन कडा आणि उतारात एवढा फरक! पुढचा सगळा गोंधळ इथेच जन्मतो.

समजा सागवानी हॅन्डरेल ६० उंचीचा आहे आणि सोप्या हिशेबासाठी तो याच दोन रेडियसवर धरू. बहुतेक जण प्रोफाइल फ्रंट व्ह्यूमध्ये सरळ उभं काढतात आणि स्वीप करतात. राइनो तो कोन इमानदारीने शेवटपर्यंत सांभाळतो. मग उभ्या छेदात माप ६० दिसतं, पण रेलला काटकोनात कॅलिपर लावलं तर बाहेर ५५ भरतो आणि आत ३६. दोन्ही बाजूंना एकच रेल म्हणून ठरलेला आणि आतला निम्म्याच्या जरासा वर! सुतारकाम करणारे आमचे मिस्त्री कुठलंही ड्रॉइंग हातात घेतलं की पहिल्यांदा विचारतात, “ताई, हे माप ओळंब्यात की चढात?” त्यांच्या करवतीला चढातलं लागतं.

म्हणून प्रोफाइल पाथच्या सुरुवातीला, पाथला काटकोनात काढायचं. सीप्लेनमध्ये (ज्या प्रतलावर आपण काढतो ते) ‘पर्पेंडिक्युलर टू कर्व्ह’ घ्या आणि हेलिक्सच्या टोकावर क्लिक करा. हा सीप्लेन कधीकधी कुशीवर वळून येतो. त्याचा एक अक्ष आडवा आहे ना ते बघा, नसेल तर फिरवून घ्या. प्रोफाइल बंद असू द्या, पॉइंट मोजके ठेवा, आणि रेल ज्या बिंदूवर बसतो तो, म्हणजे तळाचा मध्य, बरोबर पाथवर ठेवा.

मग स्वीप-वन, म्हणजे एकाच पाथवरचा स्वीप. फ्रेम स्टाइल ‘फ्रीफॉर्म’ ठेवली तर हेलिक्सवर रेल हळूहळू कुशीवर वळत जातो आणि वर पोचेपर्यंत त्याचा माथा एका बाजूला कलतो. ‘रोडलाइक टॉप’ निवडा. माथा आभाळाकडे राहतो. ऑटोकॅडमध्ये स्वीप केलं तर ते प्रोफाइल स्वतःहून काटकोनात उभं करतं. सोयीचं आहे, पण तुम्ही मुद्दाम उभं ठेवलेलं प्रोफाइलही ते विचारल्याशिवाय वळवतं, तेव्हा अलाइनमेंटचा पर्याय बघून घ्या.

लँडिंगला हेलिक्स संपतो आणि रेल आडवा होतो. तिथे नुसतं जोडलंत तर चोच निघते. हेलिक्सचा शेवटचा थोडा भाग कापा, ब्लेंड कर्व्हने आडव्या रेघेला जोडा, जॉइन करा आणि मगच स्वीप करा. प्रोफाइल पाथपासून वळणाच्या आतल्या बाजूला जितकं येतं, त्याखाली कर्व्हचा रेडियस गेला की पृष्ठभाग स्वतःवरच दुमडतो. पाथ तळाशी धरलेल्या ६० उंचीच्या रेलला, वर वळताना, ६० ही हद्द झाली. मी १०० च्या खाली उतरत नाही, कारण पॉलिशवाल्याचा हातही त्यात शिरायला हवा.

खालच्या स्लॅबला स्वीप-टू, दोन्ही हेलिक्स पाथ म्हणून. इथेही तोच सवाल. स्ट्रक्चरल इंजिनीअर वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब) १५० म्हणतो तेव्हा त्याला चढाला काटकोनातली जाडी हवी असते. उभ्या छेदात ती बाहेर १६५ आणि आत साधारण २५३ होते. सगळीकडे १५० उभं धरलंत तर आतल्या कडेला स्लॅब ८९ चाच उरतो, आणि सळया तिथेच दाटीने येतात. तेव्हा सेक्शन आयत न काढता खालची रेघ तिरकी काढा, आणि आकडे इंजिनीअरकडून तपासून घ्या.

रेव्हिटवाल्यांसाठी थोडक्यात: फॅमिलीत स्वीपचा स्केच पाथ एकाच प्रतलात राहतो, हेलिक्स त्यात बसत नाही. आधी जिन्याचा सॉलिड करा आणि ‘पिक थ्रीडी एजेस’ने त्याची कड उचला. स्वेप्ट ब्लेंडचा (दोन टोकांना दोन आकार देणाऱ्या स्वीपचा) पाथ एकाच तुकड्याचा लागतो, त्यामुळे लँडिंगच्या वळणाला तो कामाचा नाही.

शेवटी अंबडला काय पाठवायचं? थ्रीडी फाइल पाठवून फोनची वाट बघू नका. बाहेरचा स्ट्रिंगर (पायऱ्यांच्या कडेची चढती पट्टी) सिलिंडरवरची पट्टी आहे, ती अनरोल सरफेसने सपाट होते आणि चक्क सरळ निघते, ७७५९ लांब. आठ फुटी शीटमधून कापली तर चार तुकडे. जोड कुठे येणार ते तुम्हीच ठरवा, बॅलस्टरच्या (कठड्याच्या उभ्या दांड्यांच्या) मागे लपतील असे. आणि पट्टीवर वाकवायच्या रेघा काढून द्याच. त्या पट्टीला काटकोनात नसतात, लांबीशी सुमारे ६६ अंशांत तिरक्या असतात. रोलिंग मशीनवर पट्टी सरळ घातली तर तिचं कडं होतं, तिरकी घातली तरच ती चढते. स्लॅबचा तळ मात्र अनरोल होत नाही, तो पृष्ठभाग दोन दिशांनी वळलेला आहे. पण त्यावरची प्रत्येक रेडियल रेघ सरळ असते, म्हणून शटरिंगच्या फळ्या आतून बाहेर, रेडियल टाकायच्या. दर रायझरला एक अशा त्या रेघा काढून त्यांच्या दोन्ही टोकांची लेव्हल लिहिलेला कागद साइटवर दिला की सेंट्रिंगवाला बाकीचं बघतो.